दुसरा लांडगा कुठे गेला?

रेड रायडिंग हूडची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लाल टोपीवाली मुलगी खाऊ घेऊन आजीकडे निघते, वाटेत लांडगा भेटतो, तो आधी आजीला गिळतो मग हिला, आणि शेवटी एक शिकारी येऊन कात्रीनं लांडग्याचं पोट फाडतो की दोघी बाहेर. आता एवढ्यावरनं कोणीही म्हणेल, बघा, पोरगी भोळी, म्हातारी दुबळी आणि वाचवायला बाप्या माणूस, जुनी बालपुस्तकं ही अशीच.

थांबा जरा. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी 1812 साली ही गोष्ट छापली तेव्हा शिकाऱ्याच्या पुढेही थोडा मजकूर होता. त्यात दुसरा लांडगा येतो. यावेळी मुलगी त्याच्याशी गप्पा मारत बसत नाही, तडक आजीचं घर गाठते, दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर चढून टपून बसतो, तर आजी म्हणते काल मी सॉसेज शिजवले ना, ते पाणी बाहेरच्या दगडी कुंडात ओत. पोरगी बादल्या भरभरून ओतते, वास वर जातो, लांडगा मान लांब करतो, अजून लांब करतो, आणि घसरून थेट कुंडात. बुडून मेला. शिकारी नाही, राजपुत्र नाही, एक म्हातारी आणि तिची नात, बस.

हा भाग कुठल्या सरकारनं बंदी घालून काढला नाही बरं का. सांगणाऱ्यांनी सोडला, चित्रवाल्यांनी सोडला, छापणाऱ्यांनी सोडला आणि मग तो नव्हताच असं झालं.

आणि मागे गेलो तर अजून मजा आहे. ग्रिमच्या शंभरेक वर्षं आधी, 1697 साली, फ्रान्समध्ये शार्ल पेरोनं हीच गोष्ट लिहिली, त्यात शिकारीच नाही, लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते, वर एक कविता, की सुंदर मुलींनो गोड बोलणाऱ्या लांडग्यांपासून सांभाळून. पण फ्रान्सच्याच खेड्यापाड्यांत म्हातारीकोतारी सांगायची त्या एका प्रकारात मुलगी लांडग्याला म्हणते मला बाहेर जायचंय, घाईची लागलीये. तो तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो, ती बाहेर गेल्यावर दोरी सोडून झाडाला बांधते आणि धूम ठोकते. हा प्रकार कागदावर उतरला 19व्या शतकात, पण बऱ्याच लोककथा अभ्यासकांच्या मते मूळ पेरोच्याही आधीचं असावं. म्हणजे हुशार मुलगी कोणी नंतर आणून चिकटवली नव्हती, ती गोष्टीत होतीच, दरबारी वाचकांसाठी लिहिताना गळाली.

म्हणून जुन्या पुस्तकांवरून भांडण होतं ना, एक पार्टी म्हणते बदला, दुसरी म्हणते ओरिजिनलला हात लावायचा नाही, तेव्हा मला दोघांनाही विचारावंसं वाटतं की ओरिजिनल म्हणजे नक्की कुठलं? ग्रिमच्याच पहिल्या एडिशनमध्ये स्नो व्हाइटचा जीव घ्यायला निघालेली तिची सख्खी आई होती, पुढच्या एडिशनमध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईचंही तसंच, फक्त उशिरा. आई अशी वागूच शकत नाही असं त्या काळच्या घरांना वाटायला हवं होतं, झालं, सगळं पाप सावत्र आईच्या माथी.

(पडद्यावर: जुन्या पुस्तकांची चित्रं, एकामागून एक)

आता मुलींसाठी म्हणून मुद्दाम लिहिलेलं पुस्तक घेऊ. अमेरिकन लेखिका लुइसा मे अल्कॉटला तिच्या पब्लिशरनं मुलींचं पुस्तक लिही असं सांगितलं, तिला फारशी हौस नव्हती, पण लिहिलं, 1868 साली लिटल विमेनचा पहिला भाग आला आणि तुफान चालला. त्यातली जो नावाची मुलगी, केस कापून विकणारी, लेखिका व्हायचंय म्हणणारी, ती लाखो मुलींना आपली वाटली. आणि मग त्याच मुलींची पत्रं सुरू झाली की हिचं लग्न कोणाशी? शेजारच्या लॉरीशी लावा ना. अल्कॉटनं डायरीत लिहून ठेवलं, कोणाला खूश करायला म्हणून मी जोचं लग्न लॉरीशी लावणार नाही. जो अविवाहित लेखिकाच राहायला हवी होती असं तिनं नंतर एका पत्रात लिहिलंय, पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून खोडसाळपणे तिच्यासाठी एक गमतीशीर जोडा जुळवला. तो म्हणजे तो वयानं मोठा जर्मन प्रोफेसर. गेली दीडशे वर्षं वाचक त्या प्रोफेसरवर चिडतायत, आणि लेखिकेनं तो चिडवायलाच ठेवला होता! मला हा भाग फार आवडतो, कारण इथे कोणी दुष्ट पुरुष संपादक कात्री घेऊन बसलेला नाहीये, दबाव वाचणाऱ्या मुलींचाच होता.

मुलांच्या बाजूला हा प्रश्नच नव्हता. स्टीव्हन्सननं ट्रेझर आयलंड लिहायला घेतलं ते सावत्र मुलाला खूश करायला, आणि बायका नकोत असं ठरूनच गेलं, नायक जिमची आई सोडली तर पुस्तकात बाईला काम नाही. समुद्री चाच्यांची गोष्ट आहे, चालायचंच, असं म्हणता येईल, आणि एका पुस्तकापुरतं मीही तेच म्हणेन. गडबड सगळी पुस्तकं एकत्र मोजल्यावर दिसते.

अमेरिकेत 1972 साली काही समाजशास्त्रज्ञ बायकांनी हे मोजलं. कॅल्डेकॉट हा तिथला चित्रपुस्तकांचा मोठा पुरस्कार, त्याची आधीच्या काही वर्षांतली विजेती आणि उपविजेती पुस्तकं काढली आणि चित्रं मोजली, तर पुरुषांची 261 आणि बायकांची 23. मग 2011 साली दुसऱ्या एका टीमनं 1900 ते 2000 मधली 5,618 पुस्तकं धरली. त्यात मुख्य पात्र नर प्राणी असलेली पुस्तकं दरवर्षी सरासरी 23 टक्क्यांच्या वर होती, मादी प्राणी असलेली फक्त साडेसात टक्के.

प्राणी! माणसांच्या गोष्टीत निदान वाद होतो, मुलगी शूर का नाही, स्वयंपाकच का करते. सशाबद्दल, बेडकाबद्दल कोण भांडणार. बिअॅट्रिक्स पॉटरच्या पीटर रॅबिटला तीन बहिणी आहेत, त्या आज्ञाधारकपणे ब्लॅकबेरी तोडतात आणि रात्री दूधब्रेड खातात, बागेत घुसणं, जाकीट हरवणं, जीव वाचवून पळणं, सगळं पीटरच्या वाट्याला, आणि लक्षात कोण राहतं ते सांगायला नको. विनी द पूच्या जंगलात अख्ख्या गँगमध्ये एकच मादी, कांगा, आणि तिचं काम काय तर पिल्लू सांभाळणं. गंमत म्हणजे ज्या खऱ्या अस्वलावरून विनी हे नाव आलं ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली अस्वलीण होती. पुस्तकात शिरता शिरता तिचा तो झाला. आणि पुस्तकात लिहिलेलं नसलं तरी आपणच करतो हे, चित्रात नुसतं एक अस्वल असलं, नर की मादी काही कळत नसलं, तरी वाचून दाखवणारी मोठी माणसं त्याला सर्रास पुरुष करून टाकतात, यावरही अभ्यास झालेत.

एनिड ब्लायटनच्या फेमस फाइव्ह या साहसकथांच्या मालिकेवर तर भांडण ठरलेलंच. जॉर्जिना स्वतःला जॉर्ज म्हणवते, केस बारीक कापते, मुलगी म्हटलेलं खपवून घेत नाही, आणि धाकटी अॅन भांडी घासते, अंथरुणं लावते आणि खूशही असते. कितीतरी मुलींना जॉर्जनं धीर दिला हे खरंच, पण शूर व्हायचं तर आधी मुलगा व्हावं लागतं असाही तिचा अर्थ होतो, आणि त्यात अॅनचं जे हसं होतं ते मला जास्त खटकतं, ती नसती तर बाकीचे चौघं, कुत्रा धरून, उपाशी मेले असते.

या पुस्तकांची भाषा 2010 मध्ये पब्लिशरनं नवी करून बघितली, वाचकांना आवडली नाही, 2016 मध्ये परत जुनी आणली. मग 2023 मध्ये लेखक रोआल्ड डालच्या पुस्तकांतले शब्द पब्लिशरनं बदलले, त्यावरून जगभर गदारोळ. त्याच्या द विचेसमध्ये चेटकिणी साध्या बाईच्या वेशात वावरतात, जुन्या पुस्तकात ती सुपरमार्केटची कॅशियर असू शकते किंवा कुठल्या साहेबाची पत्रं टाइप करणारी, नव्यात ती मोठी शास्त्रज्ञ झाली किंवा बिझनेस चालवणारी. आता सांगा, फरक काय पडला? सगळ्या चेटकिणी बायकाच असतात हे पुस्तकाचं मूळ वाक्य, त्यावर गोष्ट उभी आहे, ते कसं बदलणार? मुळाला धक्का नाही आणि पानांना रंग. त्यापेक्षा पोरांना जुनंच द्यावं आणि त्यांनी विचारलं तर बसून बोलावं, असं माझं मत. ओरड झाल्यावर पब्लिशरनं जुनी आवृत्तीही छापत राहू असं जाहीर केलं.

आणि पुस्तकं अशी बदलणं हे फक्त आत्ताच्या संवेदनशील लोकांचं खूळ आहे असं कोणाला वाटत असेल तर पिप्पीचं ऐका. अॅस्ट्रिड लिंडग्रेनची पिप्पी लाँगस्टॉकिंग 1945 साली स्वीडनमध्ये आली, आईबापाविना एकटी राहणारी नऊ वर्षांची पोर, पोलिसांना उचलून बाहेर ठेवते, घोडा उचलते. आधी एका मोठ्या पब्लिशरनं हस्तलिखित परत पाठवलेलं. फ्रेंचमध्ये नेताना तिची दांडगाई बरीच छाटली, आणि घोड्याचं तट्टू केलं, का तर मुलीनं घोडा उचलला हे फ्रेंच मुलांना पटणार नाही. लिंडग्रेननं त्यांना कळवलं, ठीक आहे, तट्टू उचलणाऱ्या एखाद्या फ्रेंच मुलीचा फोटो तेवढा पाठवा.

फ्रेंच मुलांना न छाटलेली पिप्पी वाचायला मिळाली ती 1990च्या दशकात.