आयडी कायमची बंद करण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो.

अमळनेर असो, शहादा असो की शिरपूर, संध्याकाळी क्लास आटोपले की पोरं चौघांचा स्क्वॉड करून मोबाइलवर खेळायला बसतात. आणि एखाद्या दिवशी त्यांच्यातल्या एकाच्या स्क्रीनवर सूचना येते, की गैरवर्तनामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. पोरांच्या भाषेत, आयडी उडाली. दोन-तीन वर्षं खेळून चढवलेली रँक, खाऊच्या पैशांतून घेतलेले स्किन म्हणजे पात्रांचे आणि शस्त्रांचे सजावटी पोशाख, मित्रांची यादी, सगळं त्या एका सूचनेसरशी जातं. ही शिक्षा रास्त आहे का, हा आजच्या भाषणाचा विषय.

आधी दुसरी बाजू, कारण ती नेहमी मागे पडते. शिवी देणाऱ्याची आयडी जाते तेव्हा तो बोलतो. शिवी खाणारा मात्र गुपचूप गेम काढून टाकतो. मुलगी माइकवर बोलली की तिचा आवाज ओळखून सुरू होणारे घाणेरडे बोल, जातीवरून आणि धर्मावरून टोमणे, ‘तुझा पत्ता काढतो’ अशा धमक्या, हे सगळं रोज घडतं. कित्येक मुली म्हणूनच माइक बंद ठेवून खेळतात. कंपनीने शिक्षा करूच नये, असं म्हणणं म्हणजे या मुलींना ‘तुम्हीच बाहेर जा’ सांगण्यासारखं आहे. शिक्षा हवीच. प्रश्न ती किती आणि कशी असावी, एवढाच आहे.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना हे लगेच समजेल. करपा हा पानांचा रोग आला की रोगट पान, किंवा पानाचा तेवढा भाग, कापून नष्ट करतात. झाड राहतं, घडही येतो. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर मात्र झाड मुळासकट उपटावं लागतं, नाहीतर मावा ही कीड तो रोग शेजारच्या झाडांवर नेतो. गेममध्येही ही पारख करावी लागते. चीटिंगचं सॉफ्टवेअर वापरणं, जिवे मारण्याच्या किंवा बलात्काराच्या धमक्या, जातधर्मावरून ठरवून केलेला छळ, लहान मुलांना लैंगिक जाळ्यात ओढणं, यांना पहिल्याच वेळी कायमची बंदी द्यावी, आणि शेवटच्या प्रकारात तर बंदीवर न थांबता पोलिसांकडे जावं. हरल्यावर तोंडातून निघालेली शिवी या यादीत बसत नाही.

शिव्यांसाठी टप्प्यांची शिक्षा हवी, आणि ती चालते याचा अनुभव जगात आहे. लीग ऑफ लेजेंड्स या गेममध्ये रायट कंपनीने वापरलेला क्रम असा होता: आधी दहा सामने चॅटवर मर्यादा, मग पंचवीस सामने, मग चौदा दिवस बंदी, आणि त्यानंतरही सुधारला नाही तर कायमची. यातला पहिला टप्पा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. गुन्हा चॅटमधून झाला, म्हणून आधी चॅटच काढून घेतलं. खेळ शाबूत ठेवला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२३ मध्ये एक्सबॉक्स या आपल्या गेमिंग सेवेसाठी स्ट्राइकची, म्हणजे खात्यावर चुकीची खूण लावण्याची, पद्धत आणली. चुकीच्या गंभीरपणाप्रमाणे स्ट्राइक मिळतात, प्रत्येक स्ट्राइक सहा महिने खात्यावर राहतो, आणि आठ स्ट्राइक झाले की वर्षभर मेसेज, पार्टी म्हणजे गटाच्या गप्पा, इतरांबरोबरचं खेळणं बंद होतं. विकत घेतलेले गेम माणसाकडेच राहतात. अतिगंभीर प्रकारांसाठी वेगळी कारवाई आहेच. म्हणजे नेहमीच्या गैरवर्तनाच्या शेवटच्या पायरीलाही मुदत आहे, आणि जुने डाग पुसले जाण्याची सोय आहे.

टप्प्यांनी खरंच फरक पडतो का? रायटमध्ये खेळाडूंच्या वर्तनाचा अभ्यास करणारे जेफ्री लिन यांनी २०१५ मध्ये लिहिलं होतं, की एका शिक्षेनंतर ९१.६ टक्के खेळाडूंनी पुन्हा तसा गुन्हा केला नाही. आकडा कंपनीचाच आहे, हे ध्यानात ठेवून ऐका. पण त्याच्याजोडीला त्यांचं दुसरं निरीक्षण आहे: सतत विष पेरणारे खेळाडू फार थोडे, आणि एकूण गैरवर्तनातला त्यांचा वाटाही छोटाच. बरीचशी शिवीगाळ साध्या खेळाडूंकडून, एखाद्या वाईट दिवशी झालेली असते. तसं असेल तर थोड्या लोकांना कायमचं हाकलून प्रश्न सुटत नाही. उरलेल्यांना सुधारावं लागतं. त्याच कंपनीने एकदा विरुद्ध संघाशी होणारं चॅट आधीपासून बंद ठेवून पाहिलं. ज्याला हवं त्याने ते स्वतः चालू करायचं. नकारात्मक बोलणं ३२.७ टक्क्यांनी कमी झालं. कोणाचीही आयडी न घालवता!

सुधारणेला एक अट मात्र आहे. शिक्षा झालेल्याला काय चुकलं ते कळलं पाहिजे, आणि लगेच कळलं पाहिजे. रायटच्याच २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रिब्युनल’ योजनेत खेळाडूच इतर खेळाडूंची चॅट वाचून निवाडा करत. कल्पना मोठी सुंदर होती. पण निकाल यायला वेळ लागे, तोवर माणूस काय बोलला ते विसरलेला असे. २०१४ मध्ये ती बंद झाली. त्याच काळात शिक्षेसोबत स्वतःच्या चॅटचा उतारा दाखवण्याची पद्धत आली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुठला सामना, कुठली ओळ, कुठला नियम, हे तीन तपशील दिल्याशिवाय कोणाचीही आयडी कायमची बंद होऊ नये. चीटिंग पकडण्याची युक्ती कंपनीने गुप्त ठेवली तर समजू शकतं. बोलल्या शब्दांचा पुरावा लपवण्याचं काहीच कारण नाही.

यंत्र चुकतं, हे तर उघड झालेलं आहे. जुलै २०१० मध्ये व्हॉल्व या गेम कंपनीच्या चीटिंग पकडणाऱ्या यंत्रणेने मॉडर्न वॉरफेअर टू या गेमच्या सुमारे बारा हजार खेळाडूंवर चीटिंगचा खोटा ठपका ठेवला. व्हॉल्वने चूक मान्य करून बंदी उठवली आणि भरपाई म्हणून दुसरा गेम दिला. तिथे चीटिंगच्या फाइलींची तपासणी होती, तरी ही गत. मग शिव्या ओळखणाऱ्या यंत्राचं काय होईल, आणि तेही आपल्या बोलींत? अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, पावरी इंग्रजी अक्षरांत लिहिताना प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. यंत्राला जीवघेणी शिवी कळत नाही, ती सुटते. आणि मित्राला प्रेमाने हाणलेला टोला एखाद्या इंग्रजी शिवीसारखा दिसतो, तो अडकतो. म्हणून कायमच्या बंदीआधी ती भाषा जाणणाऱ्या माणसाने चॅट वाचणं, हा माझा आग्रह आहे.

आपल्याकडे आणखी काही अडचणी आहेत. सामना रंगात असताना वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि सर्व्हरला एवढंच दिसतं की खेळाडू संघाला टाकून पळाला. असं वारंवार झालं की दंड वाढत जातो. राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून तेवढाच छोटा यूपीएस लावला, तर हा त्रास बराच कमी होतो. दुसरी अडचण घरातल्या एकाच मोबाइलची. धाकट्याने थोरल्याच्या आयडीवरून शिव्या दिल्या तरी गुन्हा आयडीच्या नावावर लागतो, आणि आयडी दुसऱ्याला वापरायला देणं हाच अनेक गेममध्ये नियमभंग असतो. तिसरी, डिव्हाइस बॅन. त्यात खात्याबरोबर तो मोबाइलच नोंदला जातो. तो मोबाइल विकला गेला, की घेणारा बिचारा पैसे देऊन दुसऱ्याची शिक्षा घरी आणतो. जुना मोबाइल घेताना पैसे देण्याआधी त्यात तो गेम टाकून लॉगिन करून बघा. आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर, घातलेली बंदी तर आणखी आंधळी. मोबाइल कंपन्या बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांना एकाच वेळी वापरायला देतात. गुन्हा एकाचा, आणि अडकतात भलतेच.

आता आयडी गेलीच तर काय करायचं? पहिल्या तासात नवी आयडी काढू नका. बंदी चुकवण्याचा प्रयत्न म्हणून तीही जाते आणि अपील कमकुवत होतं. सूचनेचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख-वेळ दिसू द्या. प्लेअर आयडीचा आकडा, शेवटचे दोन-तीन सामने, मोबाइलचं मॉडेल, खरेदीच्या पावत्या एकत्र करा. पावत्या प्ले स्टोअरच्या ऑर्डर हिस्टरीत मिळतात. मग गेमच्या मदत विभागात एकच तक्रार लिहा. दहा तक्रारी पाठवल्याने काम लवकर होत नाही, उलट उत्तरांचा गोंधळ होतो. मजकूर छोटा ठेवा: बंदी कधी आली, कुठल्या नियमाखाली, त्या सामन्याचा तपशील आणि चॅटचा उतारा द्यावा, माणसाकडून फेरतपासणी व्हावी. शिवी दिली असेल तर कबूल करा आणि मुदतीची शिक्षा मागा. खोटं बोललात आणि नोंदीत ओळ सापडली, तर पुढचं काही वाचलं जात नाही. खेळाडू अठरा वर्षांखालचा असेल तर आई-वडिलांनी स्वतःच्या ईमेलवरून लिहावं.

उत्तर आलं नाही, किंवा ‘निर्णय अंतिम आहे’ एवढंच आलं, तर गेमच्या अटींत तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता शोधा. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे मध्यस्थ कंपन्यांना, म्हणजे लोकांचा मजकूर एकमेकांपर्यंत पोचवणाऱ्यांना, असा अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. त्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. पैसे खर्च झाले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा.

आणि ज्यांना शिव्या खाव्या लागतात त्यांनी उलट उत्तर देऊ नये. तुमचीही ओळ नोंदीत जाते. आधी म्यूट करा, सामना संपताच योग्य प्रकार निवडून रिपोर्ट करा, शक्य असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवा. चिडून ‘चीटिंग’वर बोट ठेवलं तर तक्रार चुकीच्या तपासणीत जाते. धमकी किंवा अश्लील फोटोची मागणी आली तर गेमवर विसंबू नका. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

शेवटी, टेलिग्राम-इन्स्टाग्रामवर ‘पाचशे रुपयांत आयडी अनबॅन’ म्हणणारे भेटतील. बंदी उठवण्याचा अधिकार फक्त कंपनीकडे असतो. हे लोक पैसे घेतात, वर लॉगिनचा ओटीपी मागतात, आणि त्या ओटीपीवरून ईमेलचं खातंही हातचं जातं. कोणालाही ओटीपी देऊ नका, आणि दिला गेलाच असेल तर आधी पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, मगच बाकीचं बघा.

नमस्कार.