नवे नियम आणि दोन रेफरी

(दृश्य: नेरुळ, संध्याकाळ. शाळेचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. मुलं रिंगला जाळी लावतायत. टेबलावर एक मुलगी स्कोअरशीटच्या खाली कार्बन घालतेय.)

निवेदन:

मैदानावर खेळाडू दहा, रेफरी दोन. एक बेसलाइनवर, रिंगच्या जवळ, तो लीड. दुसरा चेंडूच्या मागे, तो ट्रेल. मोठ्या सामन्यांत तिसराही असतो. त्याला सेंटर म्हणतात आणि चेंडू नसलेली बाजू तो सांभाळतो. ठाणे-नवी मुंबईच्या शाळांच्या, सोसायट्यांच्या स्पर्धांत हा तिसरा बहुतेक वेळा नसतोच. त्यामुळे कुणी नवा नियम सुचवला की पहिला प्रश्न हाच: तो राबवताना या दोघांनी कुठे बघायचं?

ट्रॅव्हलिंग घ्या, म्हणजे चेंडू हातात धरून नियमापेक्षा जास्त पावलं टाकणं. 2017 पासून आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिबानं, झीरो स्टेप मान्य केली. धावताना चेंडू ताब्यात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर आहे तो शून्य. त्यानंतर दोन पावलं. बघणाऱ्यांना तीन दिसतात आणि बाकावरून ओरडा सुरू होतो. पावलं मोजणं सोपं आहे हो, अवघड आहे ते मोजणी कुठून सुरू करायची ते ठरवणं.

(दृश्य: संथ गतीत ले-अप, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन टाकलेला शॉट. आधी हात, मग बूट.)

ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, संपलं कधी? चेंडू दोन्ही हातांत आला तेव्हा, किंवा एका हाताखाली घेऊन विसावला तेव्हा. म्हणून नजर आधी हातांवर, मग पायांवर. सुरुवातीपासून बुटांकडेच बघणारा रेफरी शून्याचं पाऊल पहिलं धरतो आणि चांगला ले-अप शिट्टीनं मारतो. त्यात आपल्या उघड्या कोर्टांवर धूळ. खेळाडू घसरून पडला आणि चेंडू हातात धरून तसाच सरकत गेला, तर ते ट्रॅव्हलिंग नाही. चेंडू न सोडता लोळला किंवा उठायला लागला, की आहे. हा फरक मुलांना सरावातच शिकवायला हवा, सामन्यात समजावत बसायला वेळ नसतो.

दुसरी सूचना फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर रेषेवरून, कुणी न अडवता मारायच्या शॉटची. अमेरिकेच्या जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या दुय्यम लीगमध्ये, 2019-20 पासून दोन किंवा तीन फ्री थ्रोऐवजी एकच मारतात. तो पडला तर दोन किंवा तीन गुण. चौथ्या क्वार्टरची शेवटची 2 मिनिटं आणि जादा वेळ सोडून. वेळ वाचतो, हे खरं.

(दृश्य: स्कोअरशीट अगदी जवळून. पेनचं टोक.)

आता हे टेबलावरून बघा. स्कोअरशीटवर गुणांचे चढते आकडे असतात, तो धावता स्कोअर. फ्री थ्रो पडला की त्या आकड्यावर भरीव ठिपका. मैदानी बास्केटला तिरकी रेघ. तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. फाउलच्या चौकटीत पी, म्हणजे पर्सनल, आणि पुढे किती फ्री थ्रो दिले तो आकडा. एका फ्री थ्रोचे दोन गुण झाले की ठिपका कुठे द्यायचा, फाउलपुढे एक लिहायचा की दोन, हे आधी ठरवावं लागेल. नाही ठरवलं, तर तिसऱ्या क्वार्टरला धावता स्कोअर आणि बोर्ड यांचा मेळ बसत नाही आणि सामना थांबतो. आणखी एक गोष्ट. पहिल्या फ्री थ्रोनंतर चेंडू जिवंत नसतो. तेवढ्यात रेफरी टेबलाकडे नजर टाकतो, रेषेवरच्या पाच जागा नीट आहेत का बघतो. ही उसंत दोन रेफरींच्या सामन्यात फार मोलाची आहे. ती घालवायची असेल तर बदल्यात काही मिळायला हवं.

प्रशिक्षकाचं चॅलेंज, म्हणजे रेफरीचा निर्णय पुन्हा तपासायची मागणी, इथे लागूच होत नाही. त्याला अधिकृत रिप्ले यंत्रणा लागते. कुंपणापाशी उभ्या असलेल्या पालकाच्या मोबाइलवरची क्लिप पुरावा नव्हे, आणि ती बघायला रेफरीनं जाऊही नये.

याउलट फिबाचा 2022 चा थ्रो-इन फाउल बघा. थ्रो-इन म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत देणं. चौथ्या क्वार्टरच्या किंवा जादा वेळेच्या शेवटच्या 2 मिनिटांत, थ्रो-इनचा चेंडू अजून रेफरीच्या किंवा फेकणाऱ्याच्या हातात असताना बचाव करणाऱ्यानं फाउल केला, तर 1 फ्री थ्रो आणि चेंडू पुन्हा त्याच संघाकडे. घड्याळ सुरू व्हायच्या आधीच दंडाला धरून ओढायची सवय यानं मोडते. रेफरीला फक्त एक प्रश्न: चेंडू हातातून सुटला होता का? नियम असा असावा. मात्र चेंडू देण्याआधी टेबल तयार आहे ना, हे बघितलंच पाहिजे.

आणि आता आपल्या कोर्टांना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल अशी सूचना: एलम एंडिंग. द बास्केटबॉल टूर्नामेंट या अमेरिकी स्पर्धेत शेवटची 4 मिनिटं उरली की पुढच्या पहिल्या थांब्याला सामन्याचं घड्याळ बंद करतात. आघाडीवरच्या संघाच्या गुणांत 8 मिळवायचे. 61-55 असेल तर लक्ष्य 69. जो आधी पोहोचेल तो जिंकला.

आपल्याकडे शेवटच्या 2 मिनिटांत काय होतं? बास्केट पडली की घड्याळ थांबवायचं असतं, आणि स्टॉपवॉच धरलेला मुलगा तेच विसरतो. बॅकबोर्डवर लाल दिवा नसतो. शेवटचा शॉट वेळेत सुटला का, हे ट्रेल रेफरी एक कान टेबलावर आणि एक डोळा बोटांवर ठेवून ठरवतो. एलममध्ये हा निवाडा उरतच नाही, आणि घड्याळ थांबवण्यासाठी फाउल करण्यात अर्थ राहत नाही.

अडचणी आहेत. सामना किती लांबेल ते सांगता येत नाही, आणि पुढचे दोन संघ बूट बांधून उभे असतात. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायच्या मुदतीचं घड्याळ, चालू ठेवावाच लागतो, नाहीतर पुढे असलेला संघ चेंडू खेळवत बसेल. 68 वर असलेल्या संघाविरुद्ध केलेला फाउल सामना फ्री थ्रोवर संपवू शकतो, आणि ती शिट्टी रेफरीला जड जाते. तरीही सोसायटीच्या स्पर्धेत हे करून बघावं. घड्याळ थांबलं की टेबलावरच्यानं लक्ष्याचा आकडा पुठ्ठ्यावर मोठा लिहावा, दोन्ही कॅप्टनना दाखवावा, मगच रेफरीनं थ्रो-इनला चेंडू द्यावा.

(दृश्य: पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं 69. चेंडू रेफरीच्या हातातून खेळाडूच्या हातात.)