म्होरकीवरचा घोडा आणि स्पर्धेचे मैदान

श्रोतेहो,

या टेबलावर ठेवलेली लोखंडी वस्तू पुण्यातल्याच एका वरातीच्या घोडीच्या तोंडातून मी काढलेली आहे. जवळ येऊन पाहिलीत तर दिसेल, की तोंडात जाणाऱ्या दांडीला टोके काढलेली आहेत. याला काटेरी लगाम म्हणतात. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली झालेल्या केंद्रीय नियमांत असा लगाम वापरायला मनाई आहे. तरीही लग्नसराईत, बँडच्या आणि फटाक्यांच्या आवाजात घोडी हाताबाहेर जाऊ नये म्हणून तो सर्रास घातला जातो. घोडीच्या मालकाला मी दोष देत नाही, कारण त्याला कुणी दुसरा उपाय दाखवलेलाच नव्हता. आजचा विषय मात्र या काट्यांचा नाही. ते वाईट आहेत, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला मान्य आहे. साध्या, गुळगुळीत, कायदेशीर लगामाबद्दल आपण काय समजून बसलो आहोत, आणि म्होरकीवरच्या, म्हणजे तोंडात लोखंड नसून डोक्याला फक्त दोर असलेल्या घोड्याला स्पर्धेत कुठे जागा आहे, याकडे मला तुमचे लक्ष वेधायचे आहे.

मी व्यवसायाने पशुवैद्य आहे. स्वार म्हणून बेताचाच. घोड्याची तोंडे मात्र पुष्कळ उघडून पाहिली आहेत. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो आणि लगामाची दांडी नेमकी तिथे बसते. ही जागा इतकी सोयीची आहे, की लगाम माणसाला सुचला की घोड्याच्या जबड्यानेच सुचवला, असा प्रश्न पडावा. जीभ एका हाताने बाजूला धरून त्या पट्ट्यावर बोट फिरवले, की पातळ त्वचेखाली हाडाची धार लागते. आपली नडगी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटते तेव्हा काय होते, ते आठवावे; तिथेही हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांसाची गादी नसते. फिनलंडमध्ये शर्यत संपल्याबरोबर दुडक्या चालीने धावणाऱ्या २६१ ट्रॉटर घोड्यांची तोंडे तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या ८४ टक्के घोड्यांना लगामाच्या जागी ताज्या जखमा आढळल्या. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ते घोडे हलक्या दुचाकी गाडीला जुंपलेले होते, त्यांचे हाकणारे व्यावसायिक होते, आणि लगाम शर्यतीच्या नियमांत बसणारेच होते.

बिनलगामी स्वारी हे अलीकडचे खूळ आहे, असे अनेकांना वाटते. रोमशी लढलेला कार्थेजचा सेनापती हानिबल याच्या सैन्यातले नुमिडियन घोडेस्वार लगामाशिवाय लढत असत, असे रोमन इतिहासकार सांगतात. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर कोरलेल्या उत्तर आफ्रिकी स्वारांच्या घोड्यांनाही लगाम नाही. पण इतक्या लांब जायची गरज नाही. दिवाळीनंतर ताम्हिणीच्या किंवा भोरच्या रस्त्याला लागलात, तर धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तळ, वाटेत भेटतो. त्यांच्या तट्टांच्या पाठीवर भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्या आणि कधी नुकतेच जन्मलेले कोकरू असते, आणि डोक्याला असते ती दोराची म्होरकी. ही बहुधा भीमथडी तट्टे, ज्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद व्हायला फार उशीर लागला. एसटी अंगावरून गेली तरी ती बिचकत नाहीत. मराठीने बैलाची वेसण आणि घोड्याचा लगाम हे दोन्ही शब्द आवर घालण्याच्या अर्थाने वापरले, आणि म्होरकीला असला कुठलाच वाक्प्रचार दिला नाही, याची मला नेहमी गंमत वाटते.

आता म्होरकीची दुसरी बाजू. बिनलगामी साज म्हणजे एकच वस्तू नव्हे. नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना कडी आणि त्यांना रास, म्हणजे हातात धरायची दोरी, बांधली की झाला साइडपुल. रास ओढली की नाक त्या बाजूला वळते. हनुवटीखालून पट्टे आडवे नेऊन विरुद्ध गालावर दाब देणारा साज वेगळा, आणि लांब दांड्यांच्या तरफेवर चालणारे यांत्रिक हॅकमोर त्याहून वेगळे. हॅकमोर हा शब्द स्पॅनिशमधून इंग्रजीत आला, आणि त्याचे मूळ अरबी आहे असे मानतात. या शेवटच्या प्रकाराने मला धडा दिला. काही वर्षांपूर्वी एका स्वारी शिकवणाऱ्या संस्थेत तोंडाला जखम झालेल्या एका घोड्याला मी उत्साहाने यांत्रिक हॅकमोर सुचवले, आणि ते किती उंचीवर बांधायचे हे सांगायला विसरलो. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा नाकपट्टी चार बोटे खाली उतरलेली होती, जिथे नाकाचे हाड निमुळते होत संपते आणि पुढे कूर्चा लागते. तिथली कातडी सोलवटली होती आणि हात लावला की घोडा मान वर झटकत होता. घोडा श्वास फक्त नाकाने घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलो आहे. तोंडातले लोखंड काढून मी तोच त्रास नाकावर नेऊन ठेवला होता. तेव्हापासून ‘बिनलगामी म्हणजे दयाळू’ असे समीकरण मी मांडत नाही. तरफ आली की हाताचा जोर वाढतो, मग ती तरफ तोंडात असो वा नाकावर.

टांगा किंवा बग्गी हाकणाऱ्याची अडचण स्वाराहून मोठी आहे. स्वाराजवळ बैठक असते, मांड्या असतात, अंगाचा तोल असतो. घोड्याला तो सर्वांगाने काही ना काही सांगत असतो. हाकणारा घोड्यापासून काही हात मागे बसलेला असतो आणि त्याच्या हाती रास, चाबूक आणि आवाज एवढेच उरते. त्यामुळे जुंपलेला घोडा म्होरकीवर आणायचा, तर आधी आवाजावर थांबायला शिकवावे लागते, आणि तेही मोकळ्या मैदानात, रिकाम्या गाडीला जुंपून, महिनोन्‌महिने. लक्ष्मी रोडवर पहिला प्रयोग करू नये. पण लगाम म्हणजे गाडीचा ब्रेक, हा समजही सोडून द्यावा लागेल. चारशे किलोंचे जनावर उधळले, की साठ किलोंच्या माणसाच्या दंडातल्या बळाने ते थांबत नाही. उलट तोंडातली कळ असह्य झाली, की ते आणखी जोराने पळते.

आता स्पर्धांकडे येऊ. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या नियमांनुसार उड्यांच्या स्पर्धांत आणि लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्समध्ये बिनलगामी साज चालतो. आयरिश स्वार एडी मॅकन यांचा बूमरँग हा घोडा हॅकमोरवर उडी मारत असे, आणि या जोडीने १९७६ ते १९७९ अशी सलग चार वर्षे इंग्लंडमधल्या हिकस्टेडची डर्बी ही उड्यांची स्पर्धा जिंकली. ईव्हेंटिंग या अनेक टप्प्यांच्या स्पर्धेतही क्रॉस-कंट्रीच्या टप्प्यात हॅकमोर चालते. म्हणजे लाकडी ओंडक्यांवरून आणि पाण्यातून भरधाव नेताना घोड्याला लगाम नसला तरी चालते, आणि त्याच स्पर्धेच्या ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करवून घेण्याच्या टप्प्यात, वीस बाय साठ मीटरच्या सपाट आखाड्यात, त्याच घोड्याला लगाम सक्तीचा होतो. सुरक्षिततेचे कारण इथे लागू पडत नाही, हे उघड आहे.

इथेच घोडे पेंड खाते. ड्रेसाजमध्ये गुण देताना घोड्याने लगाम शांतपणे, हलक्या संपर्कात स्वीकारला आहे का, हे परीक्षक पाहतात. साधनाचा स्वीकार हाच गुणाचा निकष झाला, की ते साधन काढून टाकणाऱ्याला मोजायला पट्टीच उरत नाही. बिनलगामी घोडा चांगला चालला की वाईट, हा प्रश्न मग विचारलाच जात नाही. हा निकष निसर्गाने दिलेला नाही. घोडदळाच्या शिक्षणातून तो आला, आणि घोडदळाने दिलेल्या इतर गोष्टी या खेळाने एकेक करून सोडल्या आहेत. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक स्वीडनने जिंकले आणि पुढच्या वर्षी ते काढून घेण्यात आले, कारण तेव्हा सैनिकांपैकी फक्त अधिकाऱ्यांनाच प्रवेश होता, आणि त्यांच्यातला गेनाल पर्सन हा खरा अधिकारी नव्हता, त्याला स्पर्धेपुरती बढती दिली होती. १९५२ ला हेलसिंकीत नियम बदलला, तोच पर्सन पुन्हा सुवर्ण घेऊन गेला, आणि पोलिओने गुडघ्याखाली अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक जिंकले. उंच रेशमी टोपीशिवाय ड्रेसाजची शोभा जाईल, असे म्हणणारेही होतेच. २०२१ पासून हेल्मेट सक्तीचे झाले आणि शोभा गेली असे काही ऐकिवात नाही.

नेदरलँड्सच्या राष्ट्रीय महासंघाने आपल्या देशांतर्गत ड्रेसाज स्पर्धांत बिनलगामी घोड्यांना वाट करून दिली आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये हांगझौ आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण आणले, आणि त्यानंतर पुण्याच्या आसपास स्वारी शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक ‘ड्रेसाज’ हा शब्द स्वतःहून उच्चारू लागले. त्या मुलांच्या पहिल्यावहिल्या स्पर्धा क्लबच्या पातळीवर होतात आणि तिथले नियम क्लबच ठरवतात. लगामावर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. हलक्या हाताचा स्वार आणि नीट बसलेला स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेला साधा लगाम, यांना माझा आक्षेप नाही. या सुरुवातीच्या वर्गांत म्होरकीवरच्या घोड्याला प्रवेश द्यावा, ‘लगामाचा स्वीकार’ या रकान्याऐवजी ‘राशीचा स्वीकार’ असे लिहावे, आणि नाकपट्टीखाली दोन बोटे शिरतात का हे दोन्ही प्रकारच्या घोड्यांना सारखेच तपासावे, एवढीच माझी सूचना आहे. शेवटची अट बिनलगामीवाल्यांना जास्त जाचेल, याची मला कल्पना आहे, आणि ती जाचावी अशीच माझी इच्छा आहे.

इथून जाण्यापूर्वी ही दुसरी वस्तू, ही दोराची म्होरकी, हाताळून पाहा. आपल्या नाकाच्या वरच्या हाडावर ती ठेवून शेजाऱ्याला हलकेच ओढायला सांगा, आणि मग दोन बोटे खाली, जिथे नाक मऊ लागते, तिथे ठेवून पुन्हा ओढायला सांगा.