कार्डावरचं नाव

(इंदूरच्या रामबागेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय 'एका आरोग्य विमा कंपनीचा इतिहास'. तरीही एवढी मंडळी आली, ती खालच्या साबुदाणा खिचडीमुळे, हे मी ओळखून आहे. हरकत नाही. मी 31 वर्षं सरकारी विमा कंपनीत काढली, लोक माझ्यासाठी आले असा गैरसमज मला कधीच झाला नाही.

आधी एक विचारतो. आरोग्य विम्याचं कार्ड पाकिटात कुणाकुणाच्या आहे? वा, बरेच हात. आता त्या कंपनीचा आजचा मालक कोण हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच हात वर ठेवा. एकच राहिला. तोही पंखा कमी करा म्हणून वर आहे.

माझं म्हणणं एवढंच: आपण हप्ता पाहतो, मालक पाहत नाही. पॉलिसी वर्षानुवर्षं चालते आणि तेवढ्यात पलीकडचा माणूस बदलतो. इंदूरकरांना हे मी काय सांगावं? आपल्या तुकोजीराव होळकरांनी, दुसऱ्या, खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. साडेचार टक्के व्याज, मुदत 101 वर्षं. 1947 ला कर्ज घेणारे बोटीत बसून गेले, 1948 ला देणाऱ्यांचं संस्थान विलीन झालं. मुदत संपायला अजून वीसेक वर्षं होती!

1947 लक्षात ठेवा, पुन्हा लागेल. पण त्याआधी माझी गोष्ट. घरच्यांनी ती इतक्या वेळा ऐकलीय की तुमच्याशिवाय मला गिऱ्हाईक नाही.

आमच्या सौ.च्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. सकाळी सातला इस्पितळाच्या कॅशलेस खिडकीवर मी कार्ड सरकवलं. लॅमिनेट केलेलं, एक कोपरा नातवानं चावलेला. खिडकीतल्या मुलानं नाव टाइप केलं, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अंकल, ये कंपनी तो है ही नहीं." म्हटलं, अरे भिया, गेल्या महिन्यात हप्ता घेतला तिनं! तर म्हणे, "लिस्ट में नहीं है, चालीस हजार जमा करा दीजिए." मी तावातावानं त्याला विमा कायदा समजावायला लागलो. मागे रांग वाढली, आणि रांगेत आमचा जुना एक ग्राहक निघाला, ज्याचा क्लेम मी स्वतः कागद अपुरे म्हणून परत पाठवला होता. तो नुसता हसला.

झालं काय होतं? कंपनीचं नाव बदललं होतं. पत्र रीतसर आलं होतं आणि मी ते न फोडता विजेच्या बिलांखाली ठेवलं होतं. व्हीलचेअरवरून सौ. म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचा म्हणून सांगत होतात ना? तुम्हाला तर पाकीटसुद्धा जड झालं." शेवटी एक सिस्टर आली, पॉलिसी नंबर टाकला, मिनिटात सगळं सापडलं. नाव नवं, नंबर तोच. कंपनी कुठली ते विचारू नका; आजच्या गोष्टीतली ती नव्हे.

हे कार्ड तरी कधीपासूनचं? 1 जानेवारी 1973 ला 107 कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या, त्या चार बहिणींनी 1986 मध्ये मेडिक्लेम आणली. तेव्हा कार्ड नव्हतं. आधी बिल भरा, मग फाइल घेऊन आमच्या टेबलाशी या. विकायला जावं तर आजीबाई म्हणायच्या, "आजारी पडायचे पैसे आगाऊ भरू? शुभ बोल रे." टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणारे मध्यस्थ, त्यांचे नियम 2001 चे; कॅशलेस आणि कार्ड त्यानंतरचं. खासगी कंपन्यांना दार 1999 च्या कायद्यानं उघडलं. फक्त आरोग्य विमा करणारी पहिली कंपनी स्टार हेल्थ, 2006, चेन्नई. उभी केली व्ही. जगन्नाथन यांनी, जे आधी सरकारी युनायटेड इंडियाचे प्रमुख होते. म्हणजे आमच्याच पंगतीतून उठून त्यांनी वेगळी चूल मांडली. याबद्दल मला खूप बोलायचं...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे' असं लिहून 'दहा' खोडलंय, 'पाच' केलंय. बरं. मग पळतच सांगतो. फळ्यावरची ती 'एक कंपनी' म्हणजे निवा बुपा.

बुपा इंग्लंडची. 1947 मध्ये तिथल्या, सभासदांच्या वर्गणीतून उपचारांचा खर्च भागवणाऱ्या, 17 संस्था एकत्र येऊन झाली. पुढच्याच वर्षी तिथली सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, उपचार फुकट, आणि ही तरीही टिकली. गंमत अशी की मायदेशी तिला भागधारकच नाहीत. नफा पुन्हा कामातच जातो.

ती भारतात आली मॅक्स समूहाबरोबर. कंपनी 2008 ची, धंदा 2010 पासून, नाव मॅक्स बुपा. आपल्या कायद्यानं विदेशी वाटा 26 टक्क्यांवर अडवलेला, म्हणून बुपाकडे 26, मॅक्सकडे 74. संसदेनं 2015 ला मर्यादा 49 केली, बुपा 49 वर गेली. 2019 मध्ये मॅक्सनं आपले 51 टक्के ट्रू नॉर्थ या गुंतवणूक कंपनीला 510 कोटींना विकले. मॅक्स गेलं तर नाव कसं राहणार? 2021 मध्ये निवा बुपा झालं. मला त्यात 'निवांत' ऐकू येतं, इस्पितळात कुणी नसतो तसं. त्याच वर्षी मर्यादा 74 झाली. मग बुपानं ट्रू नॉर्थकडून 20 टक्के घेतले, 2,700 कोटींना, आणि 2024 च्या सुरुवातीला निम्म्याहून जास्त कंपनी तिची झाली. आधी टक्क्याला 10 कोटी, चार वर्षांनी टक्क्याला 135. मधे भांडवलही ओतलं गेलं, तेव्हा तराजू अगदी सरळ नाही, पण काटा बघा! नोव्हेंबर 2024 मध्ये शेअर बाजारात, 74 रुपयांना एक.

म्हणजे इंग्लंडात जिचा शेअर कुणाला मिळत नाही, तिचं नाव लावलेल्या कंपनीचा शेअर इंदुरात बसून मोबाइलवर घेता येतो. मालक कधी बदलायचा हे ठरलं दिल्लीतल्या टक्क्यांवर, आणि या सगळ्या खेळात पॉलिसीवाल्याला विचारलं कुणी? नाही. त्याला पत्र आलं. त्यानं ते बिलांखाली ठेवलं.

अपोलो म्युनिक एचडीएफसी अर्गोमध्ये कशी गेली, रेलिगेअरची केअर कशी झाली, सिग्ना टीटीकेची मणिपाल सिग्ना कशी, ही दोन पानं हातातच राहिली. काय? घ्यावी की नाही? ते मी सांगत नाही, माझं कमिशन 2015 लाच बंद झालं. चला, खिचडीचा वास वरपर्यंत यायला लागलाय.