तिकीट पडवीपर्यंतचं काढा

(कुडाळ इथल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय ‘स्वस्त विमानप्रवास आणि विमानतळाची निवड’. मी वैमानिक नाही, तिकिटांचा एजंटही नाही. परुळ्यात माझ्या चार खोल्या आहेत, तिथे पाहुणे उतरतात, एवढाच माझा अधिकार. चिपीचा विमानतळ इतका जवळ, की विमान आलं की आमचा कुत्रा भुंकतो. मधल्या काळात त्याचा सराव सुटला होता.

हसू नका, त्याला कारण आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं. त्या दिवशी व्यासपीठावर कोण कोणाला काय बोललं, हे या सभागृहात सगळ्यांना तोंडपाठ असेल. विमानाची वेळ विचारली तर माना खाली. केंद्राच्या उडान योजनेत कमी भाड्यामुळे येणारी तूट सरकार तीन वर्षं भरून देतं. मुदत सरली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईची सेवा बंद पडली. अजून याचा राग येतो मला, पण तो आजचा विषय नाही.

आजचा विषय तो नागपूरचा मुलगा. दिल्लीतल्या कंपनीत नोकरी आणि काम कुठूनही करायची मुभा. हल्ली असे बरेच येतात, आम्ही त्यांना लॅपटॉपवाले म्हणतो. पहिला प्रश्न नेटचा, दुसरा वीज किती वेळा जाते हा, समुद्राची चौकशी तिसऱ्या दिवशी. त्याचा फोन आला, “काका, सगळ्यांत स्वस्त तिकीट मिळालं. गोव्याचं. नऊशे रुपये वाचले!” म्हटलं, उत्तम. गोवा म्हणजे मोपा, बांदा ओलांडलं की आलंच. माझा मुलगा घरी नव्हता, म्हणून मीच गाडी काढली.

मोप्याला विमानं उतरतायत, माणसं बाहेर येतायत. याचा फोन, “काका, बाहेर आलो. खांबाजवळ उभा आहे.” म्हटलं, मीही खांबाजवळच आहे. “निळा शर्ट घातलाय.” मंडळी, त्या संध्याकाळी निम्म्या भारताने निळा शर्ट घातला होता. एका गृहस्थाची बॅग तर मी हातात घेऊन चालूही लागलो. त्यांच्या बायकोने आरडाओरडा केला तेव्हा ठेवली. पंधरा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना हात हलवून दाखवतोय आणि दोघांनाही कोणी दिसत नाही. शेवटी तो म्हणाला, “काका, इथे नौदलाची पाटी आहे, तिच्यासमोर या.”

मोप्याच्या सड्यावर नौदल कुठून येणार? पोरगा दाभोळीला, नौदलाच्या तळावरच्या जुन्या विमानतळावर, उतरला होता.

जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ चालू आहेत. तिकिटावर मोठ्या अक्षरांत नुसतं ‘गोवा’, आणि बाजूला बारीक तीन अक्षरं. जीओआय म्हणजे दाभोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. त्या एका अक्षरापायी मी साठेक किलोमीटर पुढे गेलो. मांडवी ओलांडली, जुवारी ओलांडली, त्याला गाडीत घातलं आणि तेवढंच सगळं उलटं करून घरी आलो. रात्रीचे बारा. कढी निवलेली, आणि बायको दारात, “इमानान इलो काय चलत इलो?” मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत, तो माझा मूर्खपणा. टॅक्सी केली असती तर वाचलेले नऊशे पणजीच्या अलीकडेच संपले असते.

महिन्याने तो परत निघाला तेव्हा बायकोने प्रेमाने सुकं खोबरं बांधून दिलं. ते विमानतळावर काढून घेतलं. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमानात त्याला मज्जाव. २०२४ मध्ये सबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला नारळ हातातल्या सामानात न्यायची काही काळ सवलत मिळाली होती. आमच्या घरातून ‘परुळ्याक कित्या नाय?’ असा सवाल...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग पळतो.

युरोपात स्वस्त कंपन्या फ्रँकफर्टचं तिकीट विकून शंभरावर किलोमीटर लांबच्या हानला उतरवायच्या, कारण आडबाजूचा तळ त्यांना स्वस्त पडायचा. आपल्याकडे उलटं आहे. मोप्याला, दाभोळीला पावणेदोनशे-दोनशे खुर्च्यांची विमानं आणि बऱ्याच कंपन्यांची चुरस, म्हणून भाडं उतरतं. चिपीला सत्तरेक खुर्च्यांचं पंख्याचं विमान. जवळचं महाग आणि लांबचं स्वस्त, हे आपलं गणित. म्हणून तिकीट धावपट्टीपर्यंतचं मोजू नका, पडवीपर्यंतचं मोजा. गाडी, सामानाचे जादा पैसे, वाटेतलं जेवण, सगळं धरून.

चार दिवसांचा पाहुणा असेल तर त्याला विमानाच्या वारांचा मेळ बसत असल्यास चिपी, नाहीतर मोपा. दोन हजार जास्त गेले तरी अर्धा दिवस वाचतो. लॅपटॉपवाल्याला येताना घाई नसते, त्याने आठवड्याच्या मधला स्वस्त वार धरावा. परतीला मात्र दिवसात अनेक विमानं असतील तोच तळ घ्यावा. पावसात ढग खाली आले आणि छोटं विमान रद्द झालं, तर पुढचं कदाचित परवा, आणि साहेबांची मीटिंग उद्या. दाभोळी फक्त दक्षिण गोव्यात राहणाऱ्यांसाठी.

आणखी एक. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं सुरू झालीत. तिथून पनवेल स्टेशन जवळ, आणि कोकणच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. दिल्लीहून स्वस्तात तिथे उतरा आणि रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळ. फक्त आरक्षण आधी करा, आणि पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं ते बघा, गाड्या सावकाश चालतात.

हो हो, थांबतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. मागच्या रांगेतल्यांनी उठायला हरकत नाही, परुळ्याची शेवटची एसटी लागली असेल. एक जागा माझ्यासाठी धरा, गाडी मुलगा घेऊन गेलाय. मोप्याला.