ओळखीच्या शब्दांचा दगा
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, नमस्कार वगैरे नंतर. आधी फळ्यावर एक वाक्य लिहितो. 'द प्लॅन इज ऑल बट डेड.' यातला एकही शब्द तुम्हाला नवीन नाही. सांगा अर्थ.

मागून उत्तर आलं, 'योजनेचं काहीही होवो, ती मेलेली नाही.' पुढून कुणीतरी म्हणालं, 'सगळं आहे, पण जीव नाही.' दोन्ही उत्तरं मला आवडली, कारण दोघांनीही प्रत्येक शब्दाचा अर्थ बरोबर लावला आणि वाक्याचा चुकवला. 'ऑल बट' म्हणजे जवळजवळ. योजना जवळजवळ मेल्यात जमा आहे. 'एनिथिंग बट डेड' म्हटलं असतं तर ती मुळीच मेलेली नाही, चांगली ठणठणीत आहे. आणि 'नथिंग बट' म्हणजे फक्त तेवढंच, दुसरं काही नाही. तीन जोड्या, तीन दिशा. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांच्या व्होकॅबच्या वहीत 'बट' आहे? कशाला असेल! 'बट' तर येतंच की.

या वह्यांबद्दल थोडं बोलायला हवं. दरवर्षी मुलं मोठ्या विश्वासाने त्या माझ्यापुढे ठेवतात. पहिल्या पानावर 'ॲबेट', 'ॲबेरेशन', 'ॲब्रोगेट'. डावीकडे शब्द, उजवीकडे एक मराठी अर्थ, मध्ये लाल पट्टी. अक्षर सुंदर. आणि बहुतेक वह्या 'सी'च्या आसपास दम तोडतात. त्यामुळे आपल्याकडे 'ए' आणि 'बी'ने सुरू होणाऱ्या अवघड शब्दांवर असामान्य प्रभुत्व असलेली एक पिढीच तयार झाली आहे. चेष्टा करतोय, पण पूर्ण चेष्टा नाही. माझीही अशी एक वही होती, तीही 'सी'पर्यंतच गेली होती.

माझी फजिती सांगतो. मी परीक्षा देत होतो तेव्हा एका उताऱ्यात एका देशावर लादलेल्या 'सँक्शन्स'बद्दल लिहिलं होतं. आपल्या कानावर हा शब्द लहानपणापासून पडतो. कर्ज सँक्शन झालं, रजा सँक्शन झाली. म्हणजे मंजुरी. मी अख्खा उतारा 'त्या देशाला मंजुरी दिली' असा वाचत गेलो. मधूनमधून वाक्यं विचित्र वाटत होती, पण मी दोष लेखकाला दिला. अर्थ नेमका उलटा होता: निर्बंध. एकाच शब्दाला दोन विरुद्ध अर्थ, आणि मला एक इतका पक्का माहीत होता की दुसरा असू शकेल अशी शंकासुद्धा आली नाही. न कळणारा शब्द आला असता तर मी थबकलो असतो, आजूबाजूची वाक्यं पुन्हा पाहिली असती. ओळखीच्या शब्दापाशी कुणी थांबत नाही.

असे शब्द ढिगाने आहेत. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता. पण प्रश्न 'ॲड्रेस' करणं म्हणजे त्याला हात घालणं. 'अरेस्ट' म्हणजे अटक. पण घसरण 'अरेस्ट' करायची म्हणजे रोखायची. 'नॉव्हेल' ही कादंबरी, तसंच नवीन, पूर्वी न पाहिलेलं. 'चॅम्पियन' हा विजेता, पण क्रियापद झालं की कैवार घेणं. माझा सगळ्यात लाडका शब्द 'क्वालिफाइड'. क्वालिफाइड डॉक्टर म्हणजे पात्रताधारक डॉक्टर, हे आपल्याला माहीत असतं. म्हणून 'क्वालिफाइड सपोर्ट' वाचलं की आपण म्हणतो, वा, लेखकाचा भक्कम पाठिंबा आहे. प्रत्यक्षात तो पाठिंबा अटी घालून दिलेला, हातचं राखून दिलेला असतो. आणि खाली प्रश्न हमखास तोच: या धोरणाबद्दल लेखकाची भूमिका काय?

एक गंमत म्हणजे, या गोष्टीचा विचार आपल्याच उपखंडात शंभर वर्षांपूर्वी झाला होता. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना बोलण्यापेक्षा आधी वाचन पक्कं करावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९५३ साली त्यांनी सर्वाधिक उपयोगी अशा सुमारे २००० इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. याद्या पुष्कळ निघतात, पण या यादीची खुबी अशी की शब्दापुढे त्याचे वेगवेगळे अर्थ दिले होते आणि कोणता अर्थ साधारण किती टक्के वेळा येतो हेही. शब्द एक, अर्थ अनेक, आणि प्रत्येकाची वारंवारता वेगळी. आपल्या बाजारू याद्यांनी नेमका हाच भाग गाळला.

त्यानंतर २००० साली ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासविषयक लेखनात वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी केली. त्यात ५७० शब्दकुळं आहेत. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची भावंडं. एवढ्या ५७० कुळांनी अभ्यासाच्या मजकुरातला जवळपास दहावा हिस्सा व्यापला जातो. तुमचे उतारे अर्थकारण, पर्यावरण, समाजशास्त्र, तंत्रज्ञान यांवरचे असतात, तेव्हा 'ॲब्रोगेट'आधी 'असेस', 'डिराइव्ह', 'इम्प्लाय' यांच्याकडे बघा. हे शब्द दिसायला साधे, म्हणून वहीत येत नाहीत.

कुणी विचारेल, मग किती शब्द आले म्हणजे पुरे? दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्यांवर झालेल्या संशोधनात ९८ टक्के हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. मजकुरातले शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असतील तर बाकी दोनांचा अंदाज बांधत माणूस कुणाच्या मदतीशिवाय नीट वाचू शकतो. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. सरावासाठी उतारा निवडताना हे माप वापरा. ओळीओळीला अडखळायला होत असेल तर तो उतारा तुमचा नाही, सध्यातरी. अवघड उताऱ्याशी झुंजण्यात एक पराक्रमी समाधान असतं. वाचन त्याने फारसं सुधारत नाही.

धातू आणि उपसर्गांवरून अर्थ लावण्याबद्दल एवढंच सांगतो की मराठी माणसाला ही गोष्ट कुणी शिकवायला नको. संस्कृत व्याकरणातला जुना श्लोक तुम्ही ऐकला असेल: उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, जसं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू एकच, 'हृ'. इंग्रजीत लॅटिनमधून आलेल्या 'स्पेक्ट'चं तसंच आहे. मूळ अर्थ पाहणं. 'रिट्रोस्पेक्ट' मागे वळून पाहणं, 'सर्कमस्पेक्ट' चहूबाजूंनी पाहून पाऊल टाकणारा, म्हणजे सावध. पण श्लोकातला 'बळजबरीने' हा शब्द विसरू नका. 'इन' म्हणजे नकार असं पाठ करून 'इनव्हॅल्युएबल'चा अर्थ कवडीमोल असा लावणारे मी पाहिले आहेत. तो शब्द आपल्या 'अमूल्य'सारखा आहे: मोल नाही असा नव्हे, तर मोल करता येणार नाही असा. आणि 'इन्फ्लेमेबल' लिहिलेल्या टाकीजवळ काडी ओढू नका. धातूवरून अर्थाचा अंदाज करा, निकाल संदर्भावर सोडा.

आता उताऱ्यांकडे येतो. तुम्ही म्हणता, सर, इंग्रजी कच्चं आहे म्हणून उतारे चुकतात. मला हे अर्धंच पटतं. प्रयोग करू. पुढचा उतारा मी मराठीत वाचतो, याच कामासाठी मीच रचलेला आहे.

'धरणांमुळे पुराचा धोका कमी होतो, असे पूर्वी मानले जाई. अलीकडचा अनुभव ही समजूत पूर्णपणे खोटी ठरवत नाही. मात्र धरण आधीच भरलेले असताना आलेला मोठा पाऊस खालच्या गावांना अधिक बेसावध गाठतो, हे त्याने दाखवले आहे. कारण धरण आहे या भरवशावर ही गावे नदीच्या जवळ सरकलेली असतात.'

लेखकाचं म्हणणं काय? एक: धरणांमुळे पूर कमी होतात ही समजूत चुकीची आहे. दोन: धरणांमुळे पूर वाढतात. तीन: धरणावरचा भरवसा काही परिस्थितीत खालच्या गावांची जोखीम वाढवतो. चार: धरणांचं व्यवस्थापन शास्त्रीय पद्धतीने व्हायला हवं.

हात वर करा. चार नंबरला सर्वाधिक हात, अपेक्षेप्रमाणे. चौथं विधान चूक आहे का? अजिबात नाही, उद्याच्या अग्रलेखात शोभेल असं आहे. पण उताऱ्यात व्यवस्थापनाचं अक्षरही नाही. ते तुम्ही घरून आणलंत. पहिला पर्याय निवडणाऱ्यांनी 'पूर्णपणे खोटी ठरवत नाही' यातलं 'नाही' गिळलं. दुसऱ्याने जोखीम आणि पूर यांची अदलाबदल केली. उत्तर तिसरं. आणि हे सगळं मातृभाषेत झालं! तेव्हा सगळं खापर इंग्रजीवर फोडू नका. उताऱ्याचा प्रश्न तुम्हाला काय माहीत आहे हे विचारत नाही. समोरच्या माणसाने काय म्हटलं एवढंच विचारतो. ज्याला विषयाची जास्त माहिती, त्याला मोह जास्त. अर्थशास्त्राचे पदवीधर अर्थशास्त्राच्याच उताऱ्यात घसरतात, हे मी कित्येकदा पाहिलं आहे.

इंग्रजीत यात आणखी एक अडचण मिसळते. मराठीत इंग्रजीसारखी 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत, त्यामुळे आपली नजर त्यांच्यावरून घसरते. 'फ्यू एक्स्पर्ट्स ॲग्री' म्हणजे फारसे कुणी सहमत नाहीत. 'अ फ्यू एक्स्पर्ट्स ॲग्री' म्हणजे काही जण सहमत आहेत. एक अक्षर, आणि लेखक पक्ष बदलतो. 'हार्डली', 'सेल्डम', 'येट', 'ॲट बेस्ट', 'नॉट ऑल' ही मंडळी वाचताना पेन्सिलीने गोल करा. मोठ्या शब्दांखाली रेघ मारायची सवय सोडा. मोठा शब्द स्वतःच लक्ष वेधून घेतो.

वेळेचं गणित कठोर आहे, ते नाकारून चालणार नाही. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) प्रिलिम्समध्ये इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटं. प्रश्नाला ४० सेकंद, त्यातच उतारा वाचायचा. म्हणून मग जलद वाचनाचे क्लास. इंग्रजीतच वाढलेला प्रौढ वाचक माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला सरासरी २४०च्या आसपास शब्द वाचतो. तुम्ही दीडशेने वाचलंत तरी चारशे शब्दांचा उतारा तीन मिनिटांच्या आत संपतो. वेळ खातं ते दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वाचणं. आधी प्रश्न की आधी उतारा, हा वाद अभ्यासिकांमध्ये चहापेक्षा जास्त चालतो. माझं मत असं की प्रश्नांवर एक नजर टाका, पर्याय मात्र अजिबात वाचू नका. एक सोडून बाकीचे सगळे पर्याय खोटे असतात. ते आधी डोक्यात भरले की उताऱ्यात तेच दिसू लागतात.

जाता जाता निगेटिव्ह मार्किंगबद्दल. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या कलचाचणीच्या पेपरात, चार पर्याय आणि चुकीला एक तृतीयांश गुण वजा. बँकेत पाच पर्याय आणि एक चतुर्थांश वजा. दोन्हीकडे हिशेब करून बघा, डोळे मिटून केलेल्या निवडीतून सरासरी मिळकत बरोबर शून्य येते. म्हणजे एकच पर्याय खात्रीने बाद करता आला तरी पारडं तुमच्याकडे झुकतं. खात्रीने, हं. 'जरा विचित्र वाटतोय' ही खात्री नव्हे.

सरावाचं सांगतो. 'रोज इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचा' हा सल्ला तुम्हाला सगळ्यांनी दिलेला असतो. तुम्ही वाचताही. वीस शब्द उतरवून घेता. मग मी विचारतो, काय म्हणत होता लेखक? तर गप्प. अग्रलेखाचा शब्दांसाठी खाणीसारखा उपसा झाला आणि म्हणणं तिथेच पडून राहिलं. त्यापेक्षा असं करा. अग्रलेख एकदा वाचा, कागद पालथा घाला, आणि लेखकाचं म्हणणं दोन वाक्यांत मराठीत सांगा. हो, मराठीत! 'इंग्रजीतच विचार करा' हा सल्ला मी देत नाही. शब्दाला शब्द लावून भाषांतर करू नका, एवढंच. पण समजलेली गोष्ट आपल्या भाषेत सांगता येणं हाच समजल्याचा पुरावा.

पालथ्या कागदाला आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा वाचून पुन्हा वाचला, काहींनी वाचून न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. पुन्हा वाचताना 'हे येतं आपल्याला' असं वाटत राहतं. परत तोच ओळखीचा दगा.

शब्दांनाही हेच लागू. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचा आलेख मांडला: घसरण सुरुवातीला तीव्र, मग संथ. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. दिवसाला पाच-सहा शब्द पुरेत. वहीत शब्द एकटा लिहू नका. ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रेघ ठेवा. उजळणी म्हणजे ती रेघ भरणं. काही महिन्यांनी तोच शब्द वेगळ्या अर्थाने भेटेल, तेव्हा जुन्या वाक्याखाली नवं वाक्य लिहा. माझ्या वहीत 'क्वालिफाइड'खाली चार वाक्यं आहेत.

बोलणं पुरे. दारातून आत येताना तुम्हाला एकेक कागद दिला आहे, त्यावर इंग्रजी उतारा आहे. पर्याय छापायचे राहिले, असं मघाशी कुणीतरी मला हळूच सांगून गेलं. राहिले नाहीत, मुद्दाम छापले नाहीत. खाली दोन कोऱ्या ओळी आहेत. उतारा एकदाच वाचायचा, कागद दुमडायचा, आणि त्या दोन ओळी मराठीत भरायच्या. तिसऱ्या वाक्यात एक 'बट' आहे. चार मिनिटं, घड्याळ लावतो.