तेरातून नऊ आणि भिंतीपाशी उभे हेडमास्तर

नमस्कार मंडळी. आजचा विषय शाळेतला बदल. नवीन पद्धत येते, गाजावाजा होतो, ट्रेनिंग होतं आणि वर्षभरात सगळं परत पहिल्यासारखं. असं का होतं आणि काही शाळांमध्ये का होत नाही, ते बघू.

थोडी थिअरी सांगतो, लगेच स्टेशन बदलू नका. क्रिस अर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली संस्था कशा शिकतात ते मांडलं. अर्जिरिसचं लाडकं उदाहरण थर्मोस्टॅटचं. घरातला एसी बघा, खोली तापली की चालू, गार झाली की बंद, पण हा आकडा मुळात बरोबर आहे का असं तो कधी विचारत नाही. बऱ्याच शाळांचं तेच. मार्क कमी आले, लावा जादा तास. तरी कमी, अजून जादा तास. आपण शिकवतोय तीच रीत चुकतेय का, हे मीटिंगमध्ये कुणी काढत नाही, कारण काढलं की सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघतात. हे लक्षात ठेवा, साहेबांच्या तोंडाकडे.

आता माझा आवडता किस्सा, आधी ऐकला असेल तर परत ऐका. जपानच्या प्राथमिक शाळांत जुग्यो केंक्यू, म्हणजे धड्याचा अभ्यास, नावाचा प्रकार आहे, शंभर वर्षांहून जुना. चार-पाच शिक्षक मिळून एकच धडा घेतात आणि त्याच्यावर कित्येक आठवडे बसतात. समजा पहिलीची वजाबाकी. तर वाद कशावर, तर फळ्यावर पहिलं उदाहरण कुठलं लिहायचं! एक बाई म्हणतात तेरातून नऊ घ्या, कारण नऊ दहाच्या अगदी जवळ, मूल दहातून नऊ काढतं, एक उरतो, त्यात वरचे तीन मिळवतं, झाले चार. दुसरे म्हणतात बारातून तीन घ्या, मूल आधी वरचे दोन काढेल, दहावर येईल, मग अजून एक काढेल. म्हणजे आकडा बदलला की पोराच्या डोक्यातली वाटच बदलते, आणि यावर मोठी माणसं तावातावाने भांडतात. मला हे फार आवडतं. (नाहीतर आपली ट्रेनिंगं, ऐंशी स्लाइड, जेवणानंतर निम्मा हॉल पेंगलेला आणि ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे.)

असो. मग एक जण तो तास घेतो आणि बाकीचे भिंतीपाशी उभे, त्यांच्यातच हेडमास्तर, हातात वही. नोंदी शिक्षकाच्या नाहीत, मुलांच्या. कोण बोटं मोजतंय, कोण कुठे अडलं, कुणी शेजाऱ्याचं बघून लिहिलं. नंतर चर्चेत पहिलं बोलतो तो तास घेणारा, आणि बाहेरून बोलावलेला जाणकार अगदी शेवटी. ‘तुमचं चुकलं’ असं कुणी म्हणत नाही, कारण धडा सगळ्यांनी मिळून केलेला. मग दुरुस्त करून तोच धडा कधी कधी दुसऱ्या वर्गात, दुसरा शिक्षक घेतो.

तर परत सांगतो, हेडमास्तर भिंतीपाशी, वही घेऊन. म्हणजे ज्या साहेबांच्या तोंडाकडे सगळे बघतात, तेच. न्यूझीलंडच्या संशोधक विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून शाळाप्रमुखांच्या कामाचे पाच प्रकार तपासले. शिक्षकांच्या शिकण्याला जोर देणं आणि त्यात स्वतः बसणं, याचा मुलांच्या निकालाशी सगळ्यात जास्त संबंध दिसला. स्वतः बसणं बरं का, उद्घाटन करून निघून जाणं नाही.

अजून एक, पटकन सांगतो. कॅनडाचे शिक्षणतज्ज्ञ मायकेल फुलन म्हणतात की कुठलाही बदल सुरू केला की आधी गाडी घसरते. जुनी सवय सुटलेली असते, नवी हातात बसलेली नसते, त्यामुळे पहिले काही महिने काम आधीपेक्षा वाईट दिसतं, पालक चिडतात, शिक्षक म्हणतात जुनंच बरं होतं. प्रमुखाने धीर धरायचा तो तेव्हा, आणि नेमकी तेव्हाच त्याची बदली होते. बदल्या जपानमध्येही होतात, शिक्षकांच्या आणि हेडमास्तरांच्याही. पण तिथे त्या धड्याचा आराखडा, निरीक्षणं, चर्चेत कोण काय म्हणालं, हे सगळं लिहून ठेवतात, कधी छापतातही, त्यामुळे नवीन आलेला माणूस तेरातून नऊचा वाद जिथे थांबला होता तिथून पुढे भांडू शकतो.

चला, वेळ संपली. नमस्कार.